तिसऱ्या व्हर्जनवरचा एक फोन

आमच्या महापेच्या ऑफिसात कपाटाचा सगळ्यात खालचा खण जुन्या फोनांचा आहे. पोरं त्याला वृद्धाश्रम म्हणतात. सत्तावीस फोन आहेत त्यात. कुणाची काच तडकलेली, कुणाची बॅटरी फुगलेली, कुणी बटण दाबल्यावर जरा विचार करून मग उत्तर देणारे. अ‍ॅप बनवणाऱ्या कंपनीला हा गोतावळा सांभाळावाच लागतो, कारण लोकांच्या हातातले फोन जाहिरातीतल्या फोनांसारखे नसतात. आपलं नवीन अ‍ॅप जुन्या फोनवर उघडतं का, उघडलंच तर मध्येच मान टाकतं का, हे त्या फोनवरच बघावं लागतं. हे बघण्याचं खातं माझं. मी सुनीती, वय बावन्न, आणि मला जुन्या वस्तूंचं अजिबात प्रेम नाही. घरात दहीहंडीला फोडायलासुद्धा जुनं मडकं सापडणार नाही.

रंजिताला मात्र त्या खणाची माया होती. दर सोमवारी आल्या आल्या ती सत्तावीस फोन टेबलावर मांडून चार्जिंगला लावायची. प्रत्येकाच्या पाठीवर तिने कागदाची पट्टी चिकटवली होती. पट्टीवर त्या फोनच्या सिस्टीमचा नंबर आणि एक तारीख. ती तारीख म्हणजे सिस्टीम बनवणाऱ्यांनी तिची देखभाल सोडून दिली तो दिवस. त्यानंतर त्या फोनला दुरुस्त्या येत नाहीत आणि नवीन अ‍ॅप एकेक करून त्याला ओळखेनासे होतात. फोन तसा जिवंत असतो. बोलणं होतं, फोटो निघतात. फक्त त्याची चौकशी करणारं कोणी उरत नाही.

एकदा मी तिला म्हटलं, तारखा लिहितेच आहेस तर तेरावा कधी तेही लिहून टाक. आजूबाजूची पोरं हसली, ती नाही हसली. तिच्या भावाला जाऊन तेव्हा तीन महिने झाले होते आणि हे मला ठाऊक होतं. जीभ सैल सुटली की सुटते माझी. त्या वाक्याची मला अजून लाज वाटते.

रंजिता उरणजवळच्या मोरा बंदरावरची, कोळ्यांची पोर. वडील लहानपणीच गेले. चार वर्षांनी मोठा भाऊ रूपेश दहावी झाल्यावर होडीवर चढला, म्हणून ही डिप्लोमाला जाऊ शकली. हे ती स्वतःहून सांगायची नाही, पण डब्यात सुकट आणली की रूपेशचं नाव निघायचंच. ‘दादाने वाळवलीय,’ एवढंच म्हणायची आणि डबा पुढे सरकवायची. मला मासळीचा वास सहन होत नाही. तिची सुकट मात्र मी दोनदा मागून खाल्लीय.

आमचं ‘होडीखबर’ नावाचं अ‍ॅप खरं म्हणजे तिनेच उभं केलं. किनाऱ्यावरच्या मच्छीमार सोसायट्यांसाठी ते होतं. बंदरावरचा कारकून कुठली होडी निघाली, कुठली आली याची नोंद करायचा आणि ती यादी घरोघरी फोनवर दिसायची. वारा बिघडणार असला तर होडीवरच्या फोनला सूचना जायची. पहिल्या आराखड्यात आमच्या शहाण्यांनी ‘प्रवास प्रारंभ’ आणि ‘प्रवास समाप्त’ असे शब्द घातले होते. रंजिताने ते वाचून कपाळाला हात लावला आणि दोन शब्द ठेवले, ‘निघाली’ आणि ‘आली’. बंदरावरच्या बाईला एवढंच हवं असतं, असं तिचं म्हणणं पडलं.

आता माझ्या नियमाकडे येते, कारण गोष्ट तिथून बिघडली.

अ‍ॅपची नवी व्हर्जनं निघत राहतात. दरवर्षी वरून फर्मान येतं की नव्या सिस्टीमसाठी अ‍ॅप नव्याने बांधा, नाहीतर अ‍ॅपच्या दुकानातून काढून टाकू. नव्यासाठी बांधलं की फार जुन्या फोनवर ते चालत नाही. मग कुठेतरी रेघ ओढावी लागते, की ह्याच्या खालच्या फोनना आमचा रामराम. ही रेघ कुठे ओढायची यावर ऑफिसात फार वाद व्हायचे, म्हणून मी एक नियम लिहून काढला. जुन्या फोनवाले शंभरात एकापेक्षा कमी झाले की रेघ वर सरकवायची. नियम साधा होता, सगळ्यांना पटला, आमचे साहेब दिलीपराव तर भलतेच खूश झाले.

चौथं व्हर्जन निघालं तेव्हा साडेचार हजार फोनांपैकी एक्केचाळीस फोन रेघेच्या खाली राहत होते. त्यांच्यावर तिसरंच व्हर्जन पडून राहणार होतं. यादी दिसली असती, पण वादळाची सूचना ज्या वाटेने जायची ती जुनी वाट आम्ही बंद करणार होतो. रंजिता बैठकीत म्हणाली, एक्केचाळीस आहेत अजून. मी म्हटलं, शंभरात एकसुद्धा नाही, म्हणजे कोणी नाही. तिने मान हलवली आणि संध्याकाळी तिनेच प्रोग्रॅममधली ती रेघेची ओळ बदलली. त्या एक्केचाळिसांत तिच्या भावाचा फोन होता. तिने ते सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

तिने आपल्या परीने तोड काढली होती. रूपेशसाठी नवा फोन घेतला, घरी नेऊन दिला, हाच होडीवर न्यायचा म्हणून दहा वेळा बजावलं. पण मोऱ्याला काय किंवा दुसऱ्या कुठल्या बंदरावर काय, चांगला फोन कोणी समुद्रावर नेत नाही. खारं पाणी फोनचे बारा वाजवतं. चांगला फोन कपाटात, लग्नाकार्याला बाहेर काढायचा, आणि होडीवर जुना. रूपेश हसून म्हणाला होता, दर्यावर कोण बघतो मला, तिथे म्हातारा फोन बरा.

पुढच्याच महिन्यात, मे अखेरीला, मासेमारी बंद व्हायला चार दिवस असताना दुपारी वारा एकदम फिरला. पावणेतीनच्या सुमारास सूचना गेल्या. बहुतेक होड्या मागे वळल्या. ‘हिरादेवी’ आली नाही. रूपेश तिच्यावर एकटाच होता. तिसऱ्या दिवशी तो सापडला, होडीचं एक फळकूट सापडलं, फोन सापडला नाही.

त्या दुपारी रंजिता ऑफिसात माझ्या शेजारी बसून त्याला फोन लावत होती. चार वाजून दहा मिनिटांपासून अकरा वेळा लावला. अकराही वेळा पूर्ण बेल वाजली. कोणी उचलला नाही. तिच्या फोनमधून येणारा तो आवाज मलासुद्धा ऐकू येत होता. नंतर तिने मला एकदाच सांगितलं, आणि सांगताना ती खिडकीकडे बघत होती. फोन वाजत होता म्हणजे तो चालू होता. चालू होता म्हणजे रेंज होती. रेंज होती म्हणजे सूचना पोचली असती, तिने वाट बंद केली नसती तर. चौथ्या व्हर्जनच्या नोंदींत तिने रूपेशचं नाव शोधलं, त्याचा नंबर शोधला. काहीच नव्हतं. म्हणजे तो जुनाच फोन घेऊन गेला होता. हिशेब तिच्या मनात पक्का बसला, की माझ्या एका ओळीने दादा गेला.

मी तिला समजावलं. नियम माझा होता, साहेबांची सही होती, वारा कुणाच्या बापाचं ऐकत नाही, सगळं बोलून झालं. ती ऐकून घ्यायची आणि कामाला लागायची. रजा नाही, रडणं नाही. घणसोलीला भाड्याची खोली घेतली होती, मोऱ्याला जाणं कमी कमी होत गेलं. आई यशोदाबाई तिथे एकट्या. रंजिता फोनवर जेवलीस का विचारायची, त्या हो म्हणायच्या, संपलं. घरात गेली की वाजणारा तो फोन कानात वाजायला लागतो, म्हणाली. आणि आईच्या तोंडाकडे बघवत नाही, कारण आईला ठाऊक नाही की मी कोण आहे. हे तिचे शब्द. ते ऐकल्यावर मी त्या दिवशी घरी जाऊन वरण लावायला विसरले.

अशी दोन वर्षं गेली. एक्केचाळिसाचे वीस झाले, विसाचे सहा. लोकांनी फोन बदलले, काही फोन स्वतःच गेले. गेल्या वर्षी दिलीपरावांनी ठरवलं की तिसऱ्या व्हर्जनचा सर्व्हर आता कायमचा बंद करायचा. फेब्रुवारीच्या अखेरची तारीख पडली. बंद करण्याआधी शेवटी कोण कोण उरलंय ते बघणं माझं काम. त्या दिवशी किती फोन आले ते दाखवणारा बोर्ड कॉम्प्युटरवर असतो, रंजिता तो कधी उघडत नसे, मीही तिला सांगत नसे.

बोर्डावर आकडा होता एक.

तिसरं व्हर्जन नावगाव टिपत नव्हतं. कुठूनतरी एक फोन येतो, अख्खी यादी उतरवून घेतो आणि जातो, एवढंच कळायचं. आणि वेळ. मंगळवारी तो पाऊण वाजता आला. बुधवारी दीडला. गुरुवारी सव्वादोनला. मला वाटलं, कुठल्यातरी गोदामात पडलेलं यंत्र असेल, त्याचं घड्याळ मागे पडत असेल. मागचे महिने काढून बघितले तर तेच. रोज पाऊण तास उशीर, संध्याकाळ झाली की पुन्हा पहाटेपासून सुरुवात. एकही दिवस खाडा नाही. माणूस इतका नेमका नसतो आणि यंत्र इतकं हट्टी नसतं. मला ते बघून कसंतरीच झालं.

शुक्रवारी दुपारी रंजिता फोनांना पट्ट्या लावत होती. मी बोलायला नको होतं, पण बोलले. म्हटलं, तुझ्या तिसऱ्या व्हर्जनवर एकच भिडू उरलाय आणि तो रोज पाऊण तास उशीर करतो.

तिचा हात थांबला. आज तिथी कुठली, तिने विचारलं. मी ऑफिसच्या भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. चतुर्थी.

“मग आज तीनला येईल,” ती म्हणाली.

तीन वाजता आम्ही दोघी बोर्डासमोर बसलो. तीनला दोन मिनिटं कमी असताना शून्याचा एक झाला.

बंदरावर हे लहान पोरालाही येतं, तिने सांगितलं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. प्रतिपदेला पाऊण, द्वितीयेला दीड, तृतीयेला सव्वादोन. मोऱ्याला ओहोटीत नुसता चिखल असतो. होडी आत येते ती भरतीला.

“मॅडम, तो भरतीला येतोय,” ती म्हणाली.

मी देवभोळी नाही. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. पण महापेच्या त्या पांढऱ्या उजेडात, एसीच्या गारठ्यात, माझ्या अंगावर काटा आला हे मी कबूल करते. दोन वर्षं खाऱ्या पाण्यात पडलेला फोन यादी बघायला येत नाही. हे मला माहीत होतं, तिला माझ्याहून जास्त माहीत होतं. तरी आम्ही दोघी त्या एकच्या आकड्याकडे बघत बसलो. अकरा वेळा तिने ज्याला बेल दिली होती तोच आता उलट बेल देतोय, असं काहीतरी तिच्या मनात चाललं असावं, कारण तिने स्वतःचा फोन टेबलावर पालथा घातला.

मी म्हटलं, उद्या पंचमी, पावणेचारची भरती, आपण मोऱ्याला जाऊ. ती नको म्हणाली. मी गाडीची किल्ली तिच्यासमोर ठेवली आणि म्हटलं, अठ्ठावीस तारखेला मी हा सर्व्हर बंद करणार आहे, त्यानंतर तो कोण होता हे तुला जन्मात कळणार नाही. हे बोलणं निष्ठुर होतं. पण कधीकधी माझ्या तोंडाचा उपयोग होतो.

शनिवारी उरण रस्त्याला कंटेनरांची रांग होती, तरी आम्ही साडेतीनला पोचलो. यशोदाबाईंचं घर धक्क्याच्या वरच्या अंगाला, दोन खोल्या आणि पुढे ओटा. खाली पाणी चढत होतं. सकाळी चिखलात बसलेल्या होड्या एकेक करून उचलल्या जात होत्या. ओट्यावर यशोदाबाई बसल्या होत्या, चष्मा नाकावर, मांडीवर जाळीचा तुकडा. मुलगी आणि तिची मॅडम अशा अचानक उगवलेल्या बघून त्या उठल्या, पाणी आणलं, चहा टाकते म्हणाल्या. मग त्यांनी पाण्याकडे बघितलं, जरा थांबा असं हातानेच सांगितलं आणि कमरेची पिशवी सोडून एक फोन काढला.

काचेला तडा, पाठीला निळा रबर. तो रूपेशचा जुना फोन होता.

यशोदाबाईंनी ‘होडीखबर’ उघडलं. बोटाने यादी वर सरकवत त्या एका ओळीपाशी थांबल्या. मी वाकून बघितलं. ‘हिरादेवी – निघाली’. त्यांनी दोन मिनिटं वाट बघितली, ओळ बदलते का ते बघितलं, आणि फोन परत पिशवीत ठेवला. बाजारातून आल्यावर पिशवी खुंटीला लावावी इतकं ते सहज होतं.

चौथ्या व्हर्जनमध्ये बंद पडलेल्या होड्या यादीतून निघून जातात. ती सुधारणा आमचीच, आणि आम्हाला तिचा अभिमानही होता. तिसऱ्यात तशी सोय नव्हती. जगात फक्त ह्या एका फोनवर ‘हिरादेवी’ अजून समुद्रावर होती.

रंजिता ओट्याच्या पायरीवर बसली. हा फोन कुठे सापडला, तिने विचारलं. तिला वाटत होतं कुणाच्यातरी जाळ्यात आला असेल.

“सापडला नाय. हा घरातच व्हता,” यशोदाबाई म्हणाल्या. “नवा फोन तो घेऊन गेला. मीच बोल्ली, बहिनीनं एवढ्या मायेनं दिलाय, ने.”

आणि मग, जाळीची गाठ सोडवत, मान वर न करता त्यांनी बाकीचं सांगितलं. दोन दिवस आधी नव्या फोनसाठी नवं सिमकार्ड घेतलं होतं, रूपेशचे कागद सापडेनात म्हणून आईच्या नावावर. त्या दुपारी वारा फिरला तशा त्या धक्क्यावर धावल्या. जुना फोन इथे खोलीत कोनाड्यात होता. रात्री घरी आल्या तेव्हा त्यावर रंजिताचे अकरा कॉल दिसले. तेव्हापासून त्या गप्प राहिल्या. “तू बोलशील, माझा फोन घेऊन गेला न् बुडला. तुझ्या हाताला दोष लागला आसता. म्हनून नाय सांगितला.”

दोघी दोन वर्षं एकमेकींना जपत होत्या. एक महापेला, एक मोऱ्याला. मला दोघींचा इतका राग आला आणि इतकी दया आली की मी उगीचच चहाचं भांडं शोधायला आत गेले.

बाहेर आले तेव्हा रंजिताने लॅपटॉप उघडला होता. नव्या कार्डाचा नंबर यशोदाबाईंना पाठ नव्हता, पण दारामागच्या जुन्या कॅलेंडरवर रूपेशने पेन्सिलने लिहून ठेवला होता. रंजिताने तो एकेक आकडा मोठ्याने म्हणत टाकला. चौथ्या व्हर्जनच्या नोंदींत तो होता. यशोदाबाई या नावाने, होडी अजून न जोडलेला. अशा नंबरवरून आलेली खबर म्हणजे घरातल्या कुणाचातरी चुकून दाबलेला अंगठा, असं धरून सोसायटीच्या कारकुनाने ती बाजूला टाकली होती. दोन वर्षं ती तिथेच पडून होती.

तीन ओळी होत्या. दोन चाळीस, सूचना पोचली. दोन त्रेचाळीस, वाचलं. दोन चव्वेचाळीस, परत निघालो.

शेवटचे दोन शब्द म्हणजे चौथ्या व्हर्जनमधलं बटण. ते रंजितानेच घातलं होतं, होडीवाल्याने मागे वळलो हे कळवावं म्हणून.

ती रडली. दोन वर्षांत पहिल्यांदा मी तिला रडताना बघितलं, आणि ते रडणं सुटकेचं होतं, निदान सुरुवातीला. त्याला सूचना मिळाली होती. त्याने तिचं ऐकून नवा फोन नेला होता. तीन मिनिटांत वाचलं, चौथ्या मिनिटाला होडी वळवली. तिच्या ओळीने काही बिघडलं नव्हतं. मग हळूहळू रडणं बदललं. कुणाचीच चूक नव्हती. सूचना, फोन, भाऊ, सगळं जसं व्हायला हवं तसं झालं होतं आणि तरी तो आला नव्हता. स्वतःला दोष देण्यात तिला इतके दिवस काहीतरी धरायला होतं, तेही आता हातातून गेलं. हे मी तिच्या तोंडावर वाचलं आणि मला तिच्याकडे बघवेना.

काय लिवलाय, यशोदाबाईंनी विचारलं. रंजिताने नाक पुसून वाचून दाखवलं. तिसरी ओळ त्यांनी पुन्हा वाचायला लावली.

“म्हंजे तो परत निगालाय,” त्या म्हणाल्या. खाली धक्क्याला दोन होड्या लागत होत्या. त्यांनी तिकडे बघितलं. “मंग मी वाट बघते ती बरोबर हाय.”

रंजिताने लॅपटॉप मिटला.

परतताना गाडीत रंजिताने आईला काय सांगू असं मला विचारलं. अठ्ठावीसला सर्व्हर बंद झाला की त्या फोनवर आमचा ठरलेला निरोप जाणार होता, ‘हे व्हर्जन आता चालत नाही, कृपया नवीन घ्या’. दिलीपरावांनी मंजूर केलेला. त्यानंतर फोन सर्व्हरला हाका मारत राहणार आणि जे शेवटचं उतरलं असेल तेच कायम दाखवणार. नवीन घ्या म्हणावं, तर नवीनमध्ये ‘हिरादेवी’ नाही. मी म्हटलं, आईलाच विचार. तिने तिथूनच फोन लावला, जुन्या नंबरवर. दोन वर्षांनी पहिल्यांदा. बेल वाजली, दोनदाच, आणि पलीकडून उचलला. मी गाडी बाजूला घेतली. तिने सगळं सांगितलं. यशोदाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, जा खरा हाय ता लिव. आलाय म्हनून नको लिवू. निगालाय म्हनून लिव.

आमच्याकडे कुणी एकट्याने काही बदलू शकत नाही. एकाने बदलायचं, दुसऱ्याने तपासून होकार द्यायचा. हाही माझाच नियम. सत्तावीस तारखेला रंजिताचा बदल माझ्याकडे आला. सर्व्हरच्या शेवटच्या यादीतली एकच ओळ तिने बदलली होती आणि तो ठरलेला निरोप काढून टाकला होता. शेजारी कारण लिहायचा रकाना असतो, तो रिकामा होता. एरवी मी रिकामा रकाना बघितला की माणसाला उभं आडवं घेते. मी होकार दिला आणि रकाना तसाच ठेवला.

अठ्ठावीसला दुपारच्या भरतीला तो फोन आला, यादी उतरवून गेला. पाच वाजता मी सर्व्हर बंद केला.

रंजिता आता दर शनिवारी मोऱ्याला जाते. अजून सोमवारी फोन चार्जिंगला लावते, पट्ट्या मात्र काढून टाकल्या आहेत. मी माझा शंभरात एकाचा नियम बदलला. आता रेघ सरकवायच्या आधी उरलेला प्रत्येक फोन कुणाचा आहे ते शोधून त्या माणसाशी बोलावं लागतं. दिलीपराव कुरकुरतात, फार वेळ जातो म्हणतात. जाऊ दे.

तिसऱ्या व्हर्जनच्या बोर्डावर आता शून्य असतं. सर्व्हरच नाही तर येणार कोण. पण मला नसती सवय लागलीय. सकाळी कॅलेंडरवर तिथी बघते, पाऊणपट करते, आणि त्या वेळेला काम टाकून तो बोर्ड उघडते. मला तिथे शून्य दिसतं. मोऱ्याला त्याच वेळी यशोदाबाई चष्मा लावून ओट्यावर बसलेल्या असतात, आणि त्यांच्या फोनवर लिहिलेलं असतं, ‘हिरादेवी – परत निघाली’.